चार किलोमीटर खाली

शेजारणीने दार एकदम उघडलं आणि त्याची कड तिच्या खांद्यावर आदळली, एवढंच झालं. लागलं फारसं नाही. पण डाव्या कानातलं यंत्र निसटलं, जिन्याच्या दोन पायऱ्या टुणटुणत उतरलं आणि तिसरीवर जाऊन थांबलं. शेजारीण कचऱ्याची पिशवी छातीशी धरून काहीतरी बोलत होती. "अगं बाई, लागलं का गं" असं काहीसं, हे ओठांवरून कळत होतं. तिने हात हलवून नाही म्हटलं, वाकून यंत्र उचललं, फुंकर मारली आणि पुन्हा कानात बसवलं. उजवा कान लहानपणीच्या तापात गेला तो गेलाच, डावा या यंत्राच्या जिवावर चालतो. पण यंत्र बसवूनही शेजारणीचा आवाज येईना. तोंड हलत होतं आणि त्या तोंडातून जणू शब्दांऐवजी एक सलग, जाड घुंईऽ बाहेर पडत होती. मग तिच्या लक्षात आलं. पडताना यंत्राचं बटण दाबलं गेलं होतं आणि ते टेलिफोनच्या खुणेवर गेलं होतं. या खुणेवर यंत्र हवेतला आवाज ऐकत नाही. त्याच्या आत तारेचं एक केसासारखं बारीक वेटोळं असतं, ते आसपासच्या विजेचं चुंबकत्व तेवढं पकडतं आणि त्याचा आवाज करून कानात सोडतं. फोनवर बोलायला ते बरं पडतं. एरवी त्या खुणेवर माणसं मुकी होतात आणि भिंती बोलायला लागतात. जिन्यातली मीटरची पेटी आत्ता बोलत होती.

बटण पुन्हा दाबायला हवं होतं. पण तेवढ्यात चष्मा आतच राहिल्याचं तिला आठवलं आणि ती तशीच मागे फिरली. स्वयंपाकघरात ओट्यावर चष्मा होता. तो उचलायला हात पुढे केला आणि कानात टक् झालं. टक् झालं आणि लगेच एक नवी घुंईऽ सुरू झाली, जिन्यातल्यापेक्षा जाड, अंगावर येणारी. भिंतीवरचा गीझर. पलीकडे नवरा अंघोळ करत होता. घुंई थांबली, पुन्हा टक्. शांत. ती मोजू लागली. मोजायचं ठरवलं नव्हतं, पंचवीस वर्षांच्या सवयीने आकडे आपोआप पडत गेले. सतरा सेकंद शांत. टक्, घुंई, एकतीस सेकंद. टक्, शांत, पंधरा. टक्, घुंई, अडतीस. गार पाणी आत येत होतं, म्हणून घुंई लांबत होती आणि शांतता आखूड होत चालली होती. हा आकार तिने कुठेतरी पाहिला होता. कुठेतरी कशाला, गेली दोन वर्षं रोज पाहिला होता, संस्थेत बाईंच्या, म्हणजे तिच्या प्रमुखांच्या, खोलीच्या दारावर चिकटवलेला पाहिला होता. चष्म्याची काडी तळहातात रुतली तेव्हा तिला कळलं की आपण मूठ आवळली आहे.

नवरा टॉवेल गुंडाळून बाहेर आला. तो दातांचे साचे करतो, कवळ्या बसवतो. सकाळी बोलताना तोंड नीट उघडून, एकेक अक्षर दाखवून बोलायची त्याला दोघांच्या लग्नाइतकी जुनी सवय. "गेली नाहीस अजून?" ओठ म्हणाले. "आज तीनला ना तुमचं?"

"गीझर किती वेळाने बंद-चालू होतो रे?"

"मी काय त्याच्या कानाशी बसलोय?" तो हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून हसू आवरलं. "काय झालं?"

"काही नाही. कान पडला होता."

"जिंकून ये," ओठ म्हणाले. तिने मान डोलावली आणि बटण न दाबताच बाहेर पडली.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. बस विजेवरची होती. निघताना तिचा आवाज वर चढे, थांबताना खाली घसरे, आणि रस्त्याकडेच्या रोहित्रांजवळून जाताना कान भरून येई. सगळी माणसं मुकी. समोरचा म्हातारा वर्तमानपत्र झटकत होता, त्याचाही आवाज नाही. असल्या शांततेत विचार आवरता येत नाहीत. ती स्वतःलाच पुन्हा पहिल्यापासून समजावू लागली, शाळेतल्या मुलांना समजावायची तसं, दर वर्षी एक दिवस मुलं यायची आणि बाई तिला पुढे करायच्या, "ही सांगेल, हिला ऐकू कमी येतं म्हणून ही नीट सांगते." तर मुलांनो, मंगळावर उतरलेलं आपलं यान तिथे नुसतं बसून आहे. त्याच्या एका दांड्याच्या टोकाला मुठीएवढा चुंबकमापक आहे. सूर्याकडून येणारा वारा मंगळाच्या भोवतालचं चुंबकत्व सारखं हलवतो, जसं तुम्ही दोरीवरचं कापड हलवाल. ही हालचाल जमिनीत शिरते. जलद हालचाल वरच्यावर मरते, सावकाश हालचाल खोल जाते. कोरडा खडक तिला अडवत नाही. पण खाली खारं पाणी असेल तर ते विजेला वाट देतं; त्यात इवलेसे प्रवाह उठतात आणि त्यांचं उत्तर वर येतं. आपण विहीर खणत नाही, नुसती हाक मारतो आणि ओ येते का ते ऐकतो. आणि मग एखादा विचारायचाच, "आली का ओ?" दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती "अजून नाही" म्हणायची. मग ती आली. वीस-बावीस मिनिटांच्या सावकाश हालचालीला एक फुगीर उत्तर, पहाटेच्या नोंदींत सर्वांत स्पष्ट. हिशेबाने चार किलोमीटर खाली. बाईंनी तो आलेख छापून दारावर लावला आणि खोलीत "कुठेतरी पाणी मुरतंय" असं म्हणायला बंदी घातली. जो म्हणेल त्याने सगळ्यांसाठी चहा करायचा. पहिल्याच आठवड्यात तीन वेळा चहा झाला आणि तीनही वेळा तो बाईंनीच केला.

वीस-बावीस मिनिटं. पहाटे सर्वांत स्पष्ट. पहाट म्हणजे सर्वांत गार वेळ.

नाही, ती स्वतःला म्हणाली. यानाचे स्वतःचे सगळे प्रवाह आपण वजा केले आहेत. सौर पट्ट्यांचा, रेडिओचा, मोटारींचा. यानाच्या यांत्रिक हाताच्या सांध्याचा हीटर तर दोनशे चौदाव्या दिवशी बंदच केला, हुकूम तिनेच लिहून दिला होता. बस सिग्नलला थांबली. हाताखालची दांडी थरथरत होती आणि त्या थरथरीने तिला नको ती गोष्ट आठवली. आठवण अशी आली की आधी तळहाताला आली.

वडील बोअरच्या जागा सांगत. लोखंडाच्या चार पहारी एका ओळीत ठोकायच्या, बाहेरच्या दोघींतून वीज सोडायची, आतल्या दोघींत मोजायची. कोरडी जमीन विजेला नाही म्हणते, ओली हो म्हणते, असं ते सांगायचे. कॉलेजच्या सुट्टीत ती त्यांच्याबरोबर जाई. एकदा एका शाळेच्या आवारात चौथी पहार ठोकताना तिच्या हाताला वेगळाच झटका बसला, मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या. दगडाचा झटका असा नसतो. तिने माती बाजूला केली. खाली गंजलेला पाइप होता, कुठून कुठे जाणारा कोण जाणे. तिने वर पाहिलं. वडिलांभोवती शिक्षिका होत्या, मुख्याध्यापिका होत्या, कुंपणाशी गर्दी होती. हाक मारायची तर ओरडावं लागलं असतं, आणि आपला आवाज ओरडताना कसा होतो, लोक कसे दचकून बघतात, हे तिला ठाऊक होतं. तिने पहार वीतभर सरकवली, माती पायाने लोटली आणि हात वर करून खूण केली, झालं. मीटरने हो म्हटलं. वडिलांनी जागेवर चुन्याची फुली मारली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या फुलीवर दोन दिवस बोअर चालली आणि दोन्ही दिवस पांढरी धूळ उडाली. मुख्याध्यापिका धूळ झटकत आत निघून गेल्या. त्यानंतर कित्येक महिने वडील रोज जेवणाच्या टेबलावर मीटर उघडून बसत. एकेक तार तपासत, पुन्हा जोडत, पुन्हा उघडत. यंत्रात काहीच बिघडलं नव्हतं. ती समोर बसून अभ्यास करी, पानं उलटत राही. सांगायचं सांगायचं म्हणता वर्ष गेलं, मग मीटर माळ्यावर गेलं, मग वडीलही गेले. ती कामाला लागली ते याच विद्येत. नवरा एकदा थट्टेने म्हणाला होता, जमीन सोडून आभाळात पाणी शोधतेस. तिने त्या दिवशी त्याच्याशी अबोला धरला होता. का, हे त्याला अजून कळलेलं नाही.

संस्थेत पोहोचली तेव्हा साडेनऊ झाले होते. तिने यंत्राचं बटण दाबलं, जग परत आलं: पंखा, खुर्च्या, कोणाचं तरी खोकणं. बाईंच्या खोलीचं दार उघडं होतं आणि बाई तीनच्या बैठकीसाठी बोलायची तालीम करत होत्या, स्वतःशीच, हातवारे करत. सत्तरीला टेकलेल्या बाई. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, दर वर्षी मुदत वाढवून घेऊन येतात. तो मुठीएवढा चुंबकमापक यानावर बसावा म्हणून अकरा वर्षं भांडल्या. वजन वाढतं म्हणून दोनदा तो काढला गेला, दोनदा त्यांनी परत बसवून घेतला. आज समिती ठरवणार होती की पुढचं यान कुठे उतरायचं. बाईंना ते आत्ताचं यान उतरलं त्याच मैदानात हवं होतं, सहा चुंबकमापकांचं जाळं पसरून त्या पाण्याच्या कडा शोधायला. दुसरा गट ध्रुवाजवळच्या बर्फाकडे ओढत होता. त्यांच्या प्रमुखांना सगळे बर्फवाले म्हणत. बाईंनी मान वर केली. "कानसेन, आलीस? आकृती तीनचे रंग जरा गडद कर. बर्फवाल्यांना फिकट दिसलं की शंका येतात."

"करते," ती म्हणाली.

रंग केले नाहीत. यानाच्या नोंदी उघडल्या. हीटर: बंद. दोनशे चौदाव्या दिवसापासून रोज, बंद, बंद, बंद. तिला हायसं वाटलं. मग बॅटरीचा प्रवाह पाहावा असं वाटलं, आणि तो अर्ध्या तासाने एकदाच नोंदलेला होता. वीस मिनिटांचं काही त्यात दिसणारच नव्हतं. दिसलं असतं तरी कोणी पाहिलं नसतं. मग तिने पक्कडला फोन लावला. यानाच्या वायरी ज्याने ओढल्या तो कारागीर. खिशात सदैव पक्कड, म्हणून पक्कड. आता मुलीकडे राहतो, बागेला पाणी घालतो. तिने कानाचं बटण टेलिफोनच्या खुणेवर नेलं आणि त्याचा आवाज कवटीच्या आतून आल्यासारखा आला.

"बोला ताई! पाणी लागलं म्हणे?"

"अजून जाहीर नाही. एक विचारायचं होतं. हाताच्या सांध्याजवळचा हीटर..."

"कुठला? दोन आहेत."

"दोन?"

"एक हुकमाचा, एक राखीव. हुकमाचा तुम्ही बंद केलात. राखीव कसा बंद कराल? त्याला बटणच नाही. मीच ठेवलं नाही. थंडीत बटणच गोठलं म्हणजे?" तो आपल्याच शहाणपणावर खूश होऊन हसला. "दोन धातूंची पट्टी आहे ती. गारठा पडला की वाकते, टेकते, हीटर चालू. ऊब आली की सुटते. तिला ना हुकूम लागतो ना बिकूम."

"नोंदीत दिसत नाही."

"दिसेल कशी? नोंद हुकमाची होते. न सांगता काम करणाऱ्याची नोंद कोण ठेवतो, ताई?"

"वायर कुठून जाते?"

"मागच्या पायावरून. नकाशात आहे की, शेवटच्या पानावर, तुटक रेघ."

"चुंबकमापकाच्या दांड्यापासून किती लांब?"

पलीकडे पाण्याची नळी बंद केल्यासारखं काहीतरी झालं. मग तो हलकेच म्हणाला, "सव्वा हात. जाणारी आणि येणारी तार पीळ घालून नेली होती हो मी, म्हणजे एकीचं चुंबकत्व दुसरीने मारावं. पण शेवटची वीतभर सरळ ठेवावी लागली. पीळ बसेना तिथे. म्हटलं, वीतभराने काय होतंय." मग विचारलं, "का हो ताई?"

"कागदपत्रं पुरी करतेय," ती म्हणाली, फोन ठेवला आणि कानाचं बटण परत फिरवलं.

आता एकच करायचं होतं आणि ते इतकं सोपं होतं की तिला स्वतःचा राग आला. आजवर त्यांनी सगळ्या पहाटा तारखेप्रमाणे लावल्या होत्या. तिने त्या थंडीप्रमाणे लावल्या. चारशे बारा पहाटा, सर्वांत ऊबदार वर, सर्वांत गार खाली. गणित चालू असताना ती पडद्याकडे न बघता खिडकीच्या गजावरचा रंग नखाने खरवडत राहिली. मनातल्या मनात कोणाची तरी विनवणी करत होती: एकाखाली एक सरळ असू दे, फुगवटा एका जागी असू दे. चार किलोमीटर खालच्या पाण्याला वरच्या गारठ्याशी काय देणंघेणं? ते आपलं आपल्या जागी, अंधारात, कोट्यवधी वर्षं. गणित संपलं. फुगवटा सरळ नव्हता. वरून खाली येताना तो तिरपा सरकत गेला होता, जिन्याच्या कठड्यासारखा. जशी थंडी वाढे तसा. पट्टी वाकत होती आणि सुटत होती. पाणी नव्हतं. दोन वर्षं त्यांनी हाक मारली होती आणि आपल्याच घरातल्या गीझरने ओ दिली होती. कोणीतरी मागून विचारलं, "मॅडम, चहा?" ती दचकून उभी राहिली, पडदा अंगाआड करून, आणि आपण तो झाकला हे लक्षात येताच मान तापली. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. कोणालाच माहीत नाही, असं तिच्या मनात आलं. पक्कड नळी धरून उभा असेल, तो बोलणार नाही. तीनपर्यंत पाय जराही अडखळले नाहीत तर... माती पायाने लोटायची आणि हात वर करायचा. ते तिला येत होतं.

पाऊणच्या सुमाराला ती बाईंच्या खोलीत गेली, दार लावलं आणि छापलेला कागद टेबलावर ठेवला. बाईंनी तो पाहिला. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. बोट फुगवट्यावरून तिरपं खाली आलं, अर्ध्यात थांबलं, पुन्हा वरून खाली आलं.

"काय आहे हे? हीटर?"

"राखीव. हुकमाशिवाय चालतो. तार दांड्यापासून सव्वा हातावर आहे."

"कधी कळलं?"

"आज सकाळी."

"आज सकाळी," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला, पुन्हा घातला. बाहेर कोणीतरी हसत होतं. मग बाई अगदी सावकाश, शिकवताना बोलत तशा बोलू लागल्या. "ऐक. पाणी नाही असं हे म्हणतंय का?"

"नाही. पाणी दिसलं नाही एवढंच."

"मग पाणी असेलही. नसेलही. ते कळायचा रस्ता कोणता? सहा यंत्रांचं जाळं. ते गेलं तर खरं काय ते कळेल. नाही निघालं तर आपणच सांगू नाही म्हणून. पण आज हा कागद पुढे आला तर जाळं जाणार नाही, आणि मग कधीच कळणार नाही. तुला कळायला हवंय की नकोय?"

बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. खोटं असतं तर सोपं गेलं असतं. "पण बाई, आपण त्यांना पाणी आहे म्हणून सांगणार," ती म्हणाली; तिचा आवाज नको तितका मोठा झाला होता. "आहे म्हणून."

"पुढची संधी किती वर्षांनी?"

"नऊ."

"मी तेव्हा कुठे असेन?"

बाईंनी कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि तो पर्समध्ये ठेवला. "जा. जेवून घे," त्या म्हणाल्या.

ती जेवली नाही. तीनला बैठकीच्या खोलीत लांब टेबलाच्या टोकाशी बसली. बर्फवाले समोर, सात-आठ जण आणखी, अध्यक्षस्थानी एक बारीक आवाजाचे गृहस्थ. बाई उभ्या राहिल्या आणि बोलल्या, सकाळी तालीम केली होती तशाच, न अडखळता. यान, चुंबकमापक, मैदान. आकृती एक, आकृती दोन. पडद्यावर आकृती तीन आली, फिकट रंगांची, दारावर लावलेली तीच. बाई थांबल्या. इतका वेळ थांबल्या की अध्यक्षांनी मान वर केली. "ही आकृती हिने केली आहे," बाई म्हणाल्या. "हीच सांगेल." आणि बसल्या.

ही त्यांनी मोकळीक दिली होती की शिक्षा, हे तिला त्या वेळी कळलं नाही आणि नंतरही नीट कळलं नाही. ती उठली. सगळे चेहरे वळले. सांगायला फार लागत नव्हतं, दोन-तीन वाक्यं. "हा फुगवटा पाण्याचा नाही," ती म्हणाली. आवाज ओरडल्यासारखा आला असावा, कारण एकदोघं दचकली. तिने तो खाली आणला नाही. खाली आणायला गेली असती तर थांबली असती. "यानाचाच एक हीटर आहे, त्याची नोंद होत नाही. थंडी वाढते तसा हा सरकतो. मी आज दुपारी तपासलं. पाण्याचा दावा आम्ही मागे घेतो." आम्ही म्हटलं तेव्हा तिने बाईंकडे पाहिलं नाही. मग बर्फवाल्यांनी, ज्यांनी आता हसायला हवं होतं त्यांनी, घसा साफ करून विचारलं, "हीटर बंद असल्याचे दिवस आहेत का काही?"

"असतील. पाहिलेले नाहीत."

"पाहा," ते म्हणाले. एवढंच म्हणाले आणि आपल्या कागदांत डोकं घातलं. साडेचारला ठराव झाला. यान ध्रुवाकडे जाणार.

व्हरांड्यात बाई तिच्यापुढे चालत होत्या. जिन्यापाशी वळल्या. त्यांचे डोळे कोरडे होते आणि ओठ पांढरे पडले होते. "सकाळी तुला कळलं, दुपारी तपासलंस, तीनला जगाला सांगून मोकळी झालीस," त्या म्हणाल्या. "एक दिवस राहवलं नाही तुला. एक दिवस हे माझं असू दिलं नाहीस." तिला म्हणायचं होतं की बोलायला तुम्हीच उभं केलंत, म्हणायचं होतं की एकदा थांबले होते, एकोणीस वर्षांची असताना, त्याचं काय झालं ते सांगू का. यातलं काहीच तोंडातून निघालं नाही. बाई कठडा धरून एकेक पायरी उतरत गेल्या आणि ती वरून त्यांचा भांग बघत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. फोन केला तर त्यांचा भाऊ उचलायचा: "झोपल्यात. बऱ्या आहेत. सांगतो." दारावरचा आलेख कोणी काढेना, शेवटी तिनेच काढला आणि चिकटपट्टीचे चार डाग राहिले. पक्कडने पत्र पाठवलं, तीन पानी, वीतभर तारेबद्दल. वाचून तिला रडू आलं, आणि तिने त्याला फोन करून सांगितलं की चूक नकाशा शेवटपर्यंत न बघणाऱ्यांची आहे, पीळ घालणाऱ्याची नाही. त्याच संध्याकाळी, चहा पिता पिता, तिने नवऱ्याला त्या शाळेच्या आवारातला पाइप सांगितला. सत्तावीस वर्षांनी. त्याने ऐकून घेतलं, कपातला चहा गार होऊ दिला, आणि मग म्हणाला, "बाबांना सांगायला हवं होतंस." तिने हो म्हटलं. समजूत घातली नाही म्हणून तिला बरं वाटलं.

दिवसा ती ऊबदार दिवस शोधत होती. ते सापडले: धुळीच्या मोठ्या वादळातले अकरा. हवेत धूळ पांघरुणासारखी भरली होती, पहाटेचा गारठा पट्टी वाकेल इतका पडलाच नव्हता. अकरा दिवस यान खरोखर गप्प बसलं होतं आणि चुंबकमापक ऐकत होता. इतक्या थोड्या नोंदींत फार खोल ऐकू येत नाही, पण जेवढं येतं तेवढं स्वच्छ होतं. तिने ते सहा वेळा करून पाहिलं. सहाही वेळा घाईघाईने नाही. एकदा करून, कागद उलटा ठेवून, जिना उतरून-चढून येऊन, मग पुन्हा.

दहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला टेबलावरचा फोन वाजला. तिने कानाचं बटण दाबून उचलला.

"ते बर्फवाल्यांनी विचारलेले दिवस," बाई म्हणाल्या. ना कशी आहेस, ना काही. आवाज बसलेला होता. "बघितलेस?"

"बघितले. अकरा आहेत."

"बोल."

"साडेतीन किलोमीटरपर्यंत कोरडं आहे. नक्की. त्याखाली अकरा दिवसांत ऐकू येत नाही."

पलीकडे काहीतरी सरकवल्याचा, बहुधा खुर्चीचा, आवाज. "साडेतीनपर्यंत नक्की?"

"सहा वेळा केलं."

"हे आधी कोणालाच ठाऊक नव्हतं. कोरडं आहे हेसुद्धा." बाई जणू स्वतःशीच बोलत होत्या. "आणि खाली?"

"खाली आहे म्हणता येत नाही."

"नाहीही म्हणता येत नाही."

"नाही."

बाई इतका वेळ गप्प राहिल्या की फोन बंद पडला असं तिला वाटलं. पण तार जिवंत होती. तिच्या कानात ती बारीक गुणगुणत होती.

"त्या हीटरची पट्टी किती थंडीला टेकते ते पक्कडला नेमकं विचारून ठेव," बाई म्हणाल्या. "मग गार दिवसांतूनही हीटर वजा करता येईल. चारशे दिवस आहेत आपल्याकडे. उद्या येते मी."

फोन ठेवला गेला. ती उठून बाईंच्या खोलीत गेली. दहा दिवसांत त्यांच्या खुर्चीवर सगळ्यांनी येताजाता फायली टाकल्या होत्या, ढीग खुर्चीच्या हातांपर्यंत आला होता. तिने तो दोन खेपांत उचलला. ठेवायला कुठेच जागा नव्हती, म्हणून भिंतीशी जमिनीवर ठेवला आणि खुर्ची पुसायला फडकं शोधू लागली.